पाच काजं

माझ्या नातीनं माझ्यावर इंग्रजीत दीड पान लिहिलं होतं, आणि त्यातलं दुसरंच वाक्य खोटं होतं. चूक तिची नाही. ते वाक्य तिला मीच दिलेलं. तिच्या बापाला तर त्याच्या लहानपणीच दिलं होतं.

शाळेत पोरांना सांगितलं होतं की घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या धंद्यावर लिहा. सोमवारी वर्गापुढं उभं राहून वाचायचं, आणि ज्याच्यावर लिहिलंय त्यानं मागं खुर्चीवर बसायचं. शुक्रवारी सकाळी ऑफिसला निघता निघता मुलानं ते मला मराठी करून ऐकवलं. "माझे आजोबा चौथी शिकलेले आहेत. शिवणकाम त्यांना कुणीही शिकवलं नाही. त्यांनी बाजारातून एक जुना कोट आणला, तो सगळा उसवला, तुकडे जमिनीवर मांडले आणि बघून बघून ते टेलर झाले."

मी इथं परदेशात या मुलाकडंच राहतो. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, हाताखाली माणसं आहेत. म्हणाला, "आबा, नवीन पोरं कामाला आली की मी त्यांना हीच गोष्ट सांगतो. शिकवायला कोणी नाही म्हणून रडू नका म्हणतो, माझ्या वडिलांकडं बघा."

मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "उशीर होईल तुला."

कोट उसवला हे खरं आहे. पण तो माझ्यापुढं टाकणारा माणूस त्या गोष्टीत नाही. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. आमच्या गावात मशिदीच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, दोन मशिनी आणि एक लांब फळी. बाप हमाल, मी एकोणीस वर्षांचा, लग्न ठरलेलं आणि हाताला काम नाही, अशा वेळी त्यांनी मला फळीवर बसवलं. तीन महिने सुईला हात लावू दिला नाही. कुठले कुठले जुने कोट आणून पुढं टाकायचे. म्हणायचे, "आधी उसवायला शीक. शिवणाऱ्यानं कुठं लबाडी केलीय ते उसवताना दिसतं." सात वर्षं मी त्यांच्याकडं होतो. बेतणं, बाहीसाठी मुंढा कापणं, गळा बसवणं, गिऱ्हाईक कुबडं असलं तर ते त्याला न दाखवता कापडात कसं झाकायचं, सगळं त्यांनी दिलं. ईदला त्यांच्या घरचा शीरखुर्मा मी वाट्या भरभरून खाल्ला आणि घरी येऊन सांगितलं, दुकानात चहा झाला.

हे सगळं माझ्या मुलाला माहीत नाही. बायकोला थोडं माहीत होतं, ती गेली.

शनिवारी नातीनं टूम काढली की फोटो पाहिजेत. शिवणकामाचे, कापडाच्या दुकानांचे. "आबा, अरब स्ट्रीटला जाऊ. तिकडं सगळी कापडाची दुकानं आहेत. मोठी मशीद पण आहे, ओल्ड एरिया आहे."

मी म्हटलं, "लिटल इंडियात जाऊ. तिथंही कापड मिळतं."

"तिथं तुम्ही दर रविवारी जाता. व्हाय सो स्टबर्न लाह?" इथली पोरं वाक्यामागं असं 'लाह' लावतात.

"मशिदी मी पुष्कळ बघितल्यात."

"पण इथली नाही ना बघितली!"

तेरा वर्षांची आहे. माझीच नात, तिच्याशी हट्टात मी हरतो. घराजवळच्या सेंगकांगहून ती छोटी मेट्रो गाडी, मग मोठी, मग बदलून आणखी एक, असं करत आम्ही बुगीसला उतरलो. सरकत्या जिन्यावर ती माझा हात धरायला बघते, मी धरू देत नाही.

वर आलो तर काचेच्या इमारती, मान मागं टाकून बघाव्यात अशा. सगळीकडं चिनी माणसं, चिनी पाट्या. मी मनात म्हटलं, या गर्दीत कुठला आलाय मोहल्ला. दोन रस्ते ओलांडले आणि एका वळणावर सगळं एकदम बसकं झालं. दुमजली घरं, लाकडी झडपांच्या खिडक्या, दुकानांपुढं छताखालून जाणारी पडवी, आणि गल्लीच्या टोकाला सोन्यासारखा घुमट. अत्तराचा वास आला. त्यामागून तव्यावरच्या मटणाचा आणि तुपाचा. मला वाटलं, कोणीतरी माझी कॉलर मागून धरली.

नात पाट्या वाचत पुढं चालली होती. घुमटाखाली एक काळपट पट्टा आहे, तो तिनं बोटानं दाखवला. "आबा, ते काय आहे सांगा? बाटल्यांचे तळ! ज्या गरीब लोकांकडं द्यायला काही नव्हतं त्यांनी बाटल्या दिल्या. म्हणून त्या वर लावल्यात. म्हणजे सगळ्यांचं काँट्रिब्यूशन दिसतं."

"बरं," मी म्हटलं. "चल, ऊन आहे." घुमटाकडं मी परत बघितलं नाही.

कापडाची दुकानं खरोखरच आहेत. पडवीत तागे उभे करून ठेवलेले, रेशमी, जरीचे, छापाचे. चिनी पोरं-पोरी त्यांच्यापुढं उभं राहून फोटो काढत होती, कापडाला हात मात्र कोणी लावत नव्हतं. मी लावला. पंचेचाळीस वर्षांची खोड आहे, चिमटीत घेऊन चुरगळायचं आणि सोडून बघायचं. एका दुकानाच्या आत, मागच्या बाजूला, माझ्याच वयाचा एक माणूस फळीवर जरीचं कापड अंथरून खडूनं रेघा मारत होता. माझे पाय आपोआप आत गेले.

त्याचा बाप सुरतेहून इथं आला होता, हा इथलाच जन्मलेला. गुजराती वळणाचं हिंदी बोलायचा. मलय नवरदेवाचा अंगरखा बेतत होता. मी थोडा वेळ बघितलं आणि न राहवून म्हटलं, "भाईजान, बुट्टा नहीं जुळेगा. डावा पल्ला एक बोट नीचे लो."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, मग कापडाकडं बघितलं, मग खडूची रेघ पुसली. "दर्ज़ी हो?"

"पैंतालीस साल."

"मुँह से दर्ज़ी या हाथ से?" असं म्हणून तो हसला आणि अंगरख्याचं अस्तर माझ्यापुढं सरकवलं. वर कात्री ठेवली, मूठ माझ्याकडं करून. "जरी नहीं दूँगा. ये काटो."

नातीनं फोन काढला. मी कात्री उचलली. जड होती, चांगली धार लावलेली. अस्तर हातानं सपाट केलं, पातं टेकवलं आणि कापलं. बाहीचा गोल एका दमात काढला. दुकानातल्या दोन बायका बघायला आल्या. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू.

तो म्हातारा मात्र कापडाकडं बघतच नव्हता. माझ्या तोंडाकडं बघत होता. "मुसलमान हो?"

"नहीं."

"काटने से पहले बिस्मिल्ला बोला तुमने."

मी बोललो असणार. उस्ताद पहिली कात्री लावताना म्हणायचे आणि आम्हालाही म्हणायला लावायचे. "तुझा देव, माझा देव नंतर बघू. कापलेलं कापड परत जोडता येत नाही, म्हणून कोणाला तरी सांगून काप." ते ओठाला बसलं. पुढं माझ्या दुकानात गिऱ्हाईकाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज गिळला, पण ओठ हलायचे ते हलायचेच.

"उस्ताद कौन?" त्यानं विचारलं.

आमच्या धंद्यात हे विचारतात. दोन कारागीर भेटले की गाव नंतर, उस्ताद आधी. उस्तादाचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा. ज्याला नाव सांगता येत नाही त्याला बेउस्ताद म्हणतात, आणि ती शिवी आहे.

नात फोन धरून समोर उभी होती. तिच्या पिशवीत ते दीड पान होतं.

"कोई नहीं," मी म्हटलं. "अपने आप सीखा."

"अपने आप?" तो खो खो हसला. "तो बिस्मिल्ला किसने सिखाया, मशीन ने?" बायकाही हसल्या. मग हसू तसंच ठेवून त्यानं हात पुढं केला आणि माझ्या हातातली कात्री काढून घेतली. "बेउस्ताद को अस्तर भी नहीं देते, बड़े भाई."

मी दुकानातून उतरलो आणि तरातरा चालायला लागलो, कुठल्या दिशेला ते न बघता. भिंती रंगवलेल्या एका अरुंद बोळात शिरलो, तिथं फोटोवाल्यांची गर्दी. मागून नात धावत आली. "आबा! आबा, वेट लाह! राँग वे!"

तिनं मला पडवीतल्या एका खाऊच्या दुकानाच्या बाकड्यावर बसवलं आणि दोन चहा आणले, त्यांचा तो वरून खाली ओतून फेसाळ करतात तो. मी प्यायलो नाही.

"तो अंकल जोक करत होता," ती म्हणाली.

"माहीत आहे."

मग तिनं विचारलं, "पण आबा, तुम्ही घरी पण म्हणता. माझा डान्सचा ड्रेस कापलात तेव्हा पण म्हणालात, बिस्स... असं. मला वाटायचं टेलर लोकांचं रेडी-स्टेडी आहे ते."

ही पोर माझ्या ओठांकडं कधी बघत होती, देव जाणे.

"तुला एक सांगतो," मी म्हटलं, "मध्ये बोलू नको."

मग मी तिला उस्तादांचं सांगितलं. फळी, उसवणं, सात वर्षं. तिला गंमतच वाटत होती. "सो कूल! मग का नाही सांगितलं?" त्याचं उत्तर द्यायचं तर दुसरं सांगावं लागत होतं. तेही सांगितलं.

मी वेगळं दुकान टाकलं त्याला चार वर्षं झाली होती. नव्या पेठेत, रस्त्यावर. त्या दिवशी गावातला एक बडा माणूस समोर खुर्चीवर बसला होता, मुलाच्या लग्नाचे कोट माझ्याकडं टाकले होते. चहा पीत त्यानं विचारलं, "टेलर, कुठं शिकलास रे?" आणि मी ती गोष्ट रचली. बाजार, जुना कोट, उसवला, बघून बघून शिकलो. तो खूश झाला, मांडीवर थाप मारून म्हणाला, "याला म्हणतात जिद्द!" मी मान वर करून बघतो तो दारात उस्ताद उभे.

थकले होते. दाढी सगळी पांढरी. माझ्या दुकानात पहिल्यांदाच आले होते. मी त्यांना कधी बोलावलंच नव्हतं.

त्या बड्या माणसानं विचारलं, "हे कोण?"

त्या दिवसांत गावातली हवा जरा गढूळ होती आणि तो माणूस त्या गढुळातलाच होता, असं मी पुढं कित्येक वर्षं मनाला सांगत आलो. ती सबब आहे. मला मांडीवरची ती थाप परत द्यायची नव्हती, एवढंच.

मी म्हटलं, "आमच्याकडं काजं करतात. जुना कारागीर आहे."

उस्तादांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग पायरीवर चपला काढल्या, आत आले, खाली चटईवर बसले. सुई टोचू नये म्हणून घालतात ते अंगठीसारखं आपलं जुनं अंगुस्तान खिशातून काढून बोटात घातलं. समोर बंद गळ्याचा कोट पडला होता, काजं व्हायची होती. सुईत रेशमी दोरा ओवला आणि काजं करायला लागले. पाच काजं. मी वर उभा, ते खाली बसलेले, आणि तो माणूस चहा पितोय.

तो वाकून बघून म्हणाला, "वा! हात चांगला आहे तुमच्या म्हाताऱ्याचा."

मी म्हणालो, "शिकवलाय तसा."

हे मी म्हणालो, जणू तो हात मीच घडवला होता. कोणी म्हणायला लावलं नव्हतं. "जुना कारागीर" तोंडातून निसटलं असं म्हणता येईल, हे म्हणता येणार नाही.

पाचवं काज झालं. उस्तादांनी दोरा दातानं तोडला, कोट नीट घडी करून फळीवर ठेवला आणि मला म्हणाले, "झालं मालक. येऊ मी?" चेष्टा नव्हती आवाजात. माझं खोटं त्यांनी शेवटच्या टाक्यापर्यंत पुरं करून दिलं आणि चपला घालून गेले. परत कधी आले नाहीत. मीही गेलो नाही. तीन-चार वर्षांनी ते गेल्याचं दुकानात बसल्या बसल्या कळलं. लग्नसराई होती, फळीवर कपड्यांचा ढीग होता. मी उठलो नाही.

नातीचा चहा निवून गेला होता. तिनं विचारलं, "मग ते कशाला आले होते?"

"कशाला म्हणजे?"

"त्या दिवशी. दुकानात. काही काम असेल ना त्यांचं?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. मी काय केलं, मी काय बोललो, याचाच काथ्याकूट करत राहिलो. ते काहीतरी घेऊन, नाहीतर मागायला, नाहीतर सांगायला आले असतील, हे डोक्यातच आलं नाही. "माहीत नाही," मी म्हटलं.

ती उठली. "चला परत."

"मी एकदा दुकानातून उतरलो की परत चढत नाही."

"ओके. मग मी जाऊन सांगते." आणि ती चालायला लागली. आता माझ्या उस्तादांचं नाव ती सांगणार आणि मी बाकड्यावर बसून राहणार? गेलो मागून.

तो म्हातारा जरी कापत होता. मी उंबऱ्यापाशीच थांबलो आणि कानाला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा. नाव सांगितलं, गाव सांगितलं. ते नाव इथं लिहीत नाही. ते लिहायची परवानगी मी त्यांच्या घरी जाऊन मागितलेली नाही. पण त्या दुकानात मोठ्यानं घेतलं, तागे बघणाऱ्या बायकांनीही ऐकलं.

त्यानं कात्री खाली ठेवली. "हैं अभी?"

"नहीं."

"मिट्टी दी तुमने?"

त्यांच्यात माणूस गेला की कबरीवर मूठभर माती द्यायला जातात, सोबती, शागीर्द सगळे. मी मान हलवली, नाही म्हणून.

त्यानं पोरीला स्टूल दिलं, तिला फोटो काढायचे होते ते काढू दिले, खडू कसा धरायचा ते दाखवलं. मलाही बस म्हणाला. कात्री मात्र त्यानं परत माझ्या हातात दिली नाही. बरोबर केलं.

घरी आल्यावर मुलाला सांगितलं. नातीनं निम्मं सांगितलं, मी निम्मं. सूनबाई ओट्यापाशी कणीक मळत होती, तिचे हात थांबले. मुलगा बराच वेळ जमिनीकडं बघत होता. मला वाटलं, ऑफिसात सांगितलेल्या गोष्टीचं काय करायचं या चिंतेत असेल. मी म्हटलं, "तुझी मान खाली गेली माझ्यामुळं."

"ते नाही आबा," तो म्हणाला. "पांढरी दाढी, थोडं लंगडायचे, तेच ना?"

"तुला कसं माहीत? तू सहा वर्षांचा होतास."

"मी त्या दिवशी दुकानात होतो. कपाटाखाली चिंध्यांशी खेळत होतो. तुम्ही म्हणालात ना काजं करतात. त्यानंतर ते शाळेच्या रस्त्यावर दिसायचे. आम्ही पोरं ओरडायचो, ए काजवाल्या! ते थांबायचे. खिशातून गोळी काढून द्यायचे मला. एकट्याला. मला कळायचं नाही, मलाच का."

सूनबाईनं कणकेवर झाकण ठेवलं.

"एकदा तुमच्यासमोर ओरडलो होतो, आबा. आठवतंय? बाजारात."

मला आठवत होतं. मी तेव्हा भाव करत होतो वांग्यांचा. ऐकलं नाही असं केलं होतं.

रविवारी दिवसभर नात टेबलाशी बसून होती. जुनं पान तिनं फाडलं नाही, आडवी रेघ मारून खाली नवीन लिहिलं. मला इंग्रजी येत नाही. ज्या भाषेत मला माझंच खरं वाचता येत नाही तिच्यात ते वर्गात जाणार, म्हणून मी इकडं मराठीत माझ्या हातानं लिहायला बसलो. तिचं दीड पान झालं, माझं कितीतरी जास्त. खोटं दोन ओळींत मावत होतं.

संध्याकाळी तिनं वाचून दाखवलं, बापानं मराठी करून सांगितलं. दुसरं वाक्य आता बरोबर होतं. काजं होती, पाच. "शिकवलाय तसा" होतं. माझ्या सांगण्यावरून काजवाल्याचंही घातलं होतं, तेव्हा मराठी करताना मुलगा अडखळला, पण त्यानं ते गाळलं नाही.

वाचून झाल्यावर तिनं पेन्सिल तोंडात धरून विचारलं, "आबा, तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात का कधी?"

"नाही."

"ते लिहू?"

सोमवारी मागच्या खुर्चीवर मीच बसणार होतो. पंचवीस चिनी, मलय, तमिळ पोरं मान वळवून माझ्याकडं बघणार होती.

"लिही," मी म्हटलं.